लाइनीवरचं शेवटचं गाव, पाणी पोचतच नाही. नवीन टाकीनं फरक पडेल का?

शिवार_लातूर
आमचं गाव प्रादेशिक नळयोजनेत सगळ्यात शेवटी. धरणात पाणी असतं तेव्हाबी आमच्याकडं दहा-बारा दिवसांनी येतं, तेबी तासभर, आन् मार्च लागला की टँकर. २०१६ ला मांजरा धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा मी अकरावीत होतो, आई रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत असायची. ते परत बघायचं नाहीये. आता ग्रामसभेत नवीन टाकीचा ठराव येतोय, काय करावं?

जुना_पंपवाला
टाकीत पडायला आधी पाणी पाहिजे ना. अशाच एका योजनेवर मी वीस वर्षं पंप चालवला. जॅकवेलपासून, म्हणजे धरणातलं पाणी जिथून उचलतात त्या विहिरीपासून, गावापर्यंत लाइन एकदा पायी चालत बघा. लाइनीतली हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह जनावरांना पाणी मिळावं म्हणून ढिले करून ठेवलेले असतात, मेन लाइनलाच कुणीतरी कनेक्शन मारलेलं असतं, वरच्या गावाच्या टाक्या भरून वाहत असतात कारण टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह कधीचा मोडलाय. प्रत्येक गावाच्या तोंडाशी मीटर बसवून घ्या, मग कुणी किती घेतलं ते कागदावर येतं. आणि पाणीपट्टी भरा, वीजबिल थकलं की पंपच बंद, मग पहिलं गाव काय न् शेवटचं काय.

विहीर_आधी
काकांचं बरोबर, पण गावची जुनी सार्वजनिक विहीर बुजू देऊ नका. आपल्याकडं काळा पाषाण, पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेवढंच. शेजारी कुणी सहाशे फूट बोअर मारला की विहीर गेली. म्हणून तर कायद्यात पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअरला आडकाठी आहे, ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचून दाखवा. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचं आधी काढून ठेवतात, उरलं त्यावर पिकं ठरतात.

कराडकर
आमच्या शेजारी मलकापूरला घरोघरी मीटर आणि चोवीस तास पाणी आहे. पाणी कायम येणार म्हटल्यावर लोक साठवून ठेवत नाहीत, शिळं म्हणून ओतूनही देत नाहीत.

शिवार_लातूर
घरोघरी मीटरला गाव लगेच तयार होईल असं वाटत नाही, पण गावाच्या तोंडाशी एक मीटर मागता येईल. टाकीचा ठराव पुढं ढकलायला सरपंचांना आजच सांगतो. रविवारी आम्ही सातजण लाइन चालायला निघतोय. काका, व्हॉल्व्हपाशी काय काय टिपून घ्यायचं?

जुना_पंपवाला
पंप चालू असतानाच जा, बंद असताना गळती दिसत नाही. जागेचा फोटो, वेळ, आणि बादली किती मिनिटात भरते ते लिहा.