ओव्हरफ्लो : उतू जाणे की वाफा फुटणे?

खडूफळा : डिप्लोमाच्या मुलांसाठी सी भाषेच्या नोट्स मराठीत करतेय. 'बफर ओव्हरफ्लो'ला, म्हणजे डेटासाठी राखलेल्या मेमरीच्या तुकड्यात मावेल त्याहून जास्त भरण्याला, 'बफर उतू जाणे' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'अधिप्रवाह' केलं. काय ठेवू?

चहाटळ : उतू जाणेच! कहाणीत नाही का, उतणार नाही, मातणार नाही. इथे बफर उततो आणि प्रोग्राम माततो.

दारेकरी : ताई, उतू गेलेलं दूध ओट्यावर सांडून वाया जातं. हे बाइट वाया कुठे जातात? शेजारच्या जागेत घुसतात. रात्रीच्या लाइटीवर कांद्याला पाणी देताना जरा डुलकी लागली की वाफा फुटतो आणि पुढच्या वाफ्यातली रोपं आडवी. १९८८ चा मॉरिस वर्म आठवा, नेटवर्कवरून आपोआप पसरणारा तो प्रोग्राम. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सर्व्हरचा वाफा ५१२ बाइटांचा, त्यात सोडले ५३६. परतीचा पत्ता त्या लोंढ्यात बुडाला आणि प्रोग्राम परत जायचा तिथे न जाता वर्मने धाडलेल्या कोडात शिरला. 'वाफा फुटणे' लिहा.

शुद्धमती : फुटायला आधी बांध हवा. तिथलं आलेली ओळ वाचून घेणारं 'गेट्स' फंक्शन जागा किती आहे हे विचारतच नसे, म्हणून तर २०११ च्या सी मानकातून ते काढूनच टाकलं. 'अधिप्रवाह'ला नावं ठेवताय, पण 'संगणक' रुळलाच ना?

चहाटळ : रुळला, पण हँग होतो तो कॉम्प्युटरच.

खडूफळा : बरं, परतीचा पत्ता असतो त्या स्टॅकला मी 'चवड' म्हटलंय. ते तरी चालेल?

दारेकरी : उतरंड म्हणा. वरचं मडकं आधी उतरवल्याशिवाय खालच्याला हात लावता येत नाही.

शुद्धमती : उतरंडीत मडकी वर लहान होत जातात. स्टॅकला तसं बंधन नाही. चवडच बरोबर, भाकरींची.

चहाटळ : आमची आजी ताजी भाकरी चवडीच्या खाली सरकवायची, म्हणजे आधीची आधी संपते. हा स्टॅक नाही हो, क्यू झाला!

शुद्धमती : अपवाद सांगू नका. भाकरी वरच ठेवतात.

खडूफळा : अहो, ओव्हरफ्लोचं काय? सोमवारी झेरॉक्सला द्यायचंय.

दारेकरी : आमच्याकडे चवड नसतेच. गरम भाकरी दुरडीत उभ्या टेकवून ठेवतात, वाफ धरत नाही.