प्रतिसाद: ब्रँडीवाइनच्या पाकिटातून दातेरी पानांची रोपं

बिया-अदलाबदलीत मिळालेल्या ब्रँडीवाइन या टोमॅटोच्या जातीची रोपं दातेरी पानांची निघाली, म्हणजे लेबल चुकलं की संकर झाला, असं तुम्ही विचारलंय. आधी त्या पाकिटातली सगळी रोपं शेजारी ठेवून बघा. ब्रँडीवाइनचं पान बटाट्याच्या पानासारखं रुंद, जवळजवळ सरळ कडांचं असतं, आणि हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे एखाद-दुसरंच रोप दातेरी असेल तर मधमाशीने दुसऱ्या जातीचा पराग आणला असणार. सगळीच दातेरी असतील तर मला पाकिटांची गल्लतच जास्त शक्य वाटते.

पानं फार कोवळी असताना मात्र निकाल देऊ नका, चार-पाच खरी पानं (बीजपत्रांच्या पहिल्या जोडीनंतरची) येऊ द्या.

फळ पिकलं की साल सोलून उजेडात धरा. पारदर्शक असेल तर टोमॅटो ब्रँडीवाइनसारखा गुलाबी गटातला, पिवळसर असेल तर लाल गटातला. नुसत्या बाहेरच्या रंगावर विसंबू नका, तो फार फसवतो.

आणि कृपया, ओळख पटेपर्यंत या बिया ब्रँडीवाइन म्हणून पुढे कुणाला देऊ नका. पाकिटावर ‘अनोळखी, दातेरी पान’ असं स्वच्छ लिहा आणि ज्यांनी दिल्या त्यांनाही कळवा, त्यांच्याकडून आणखी पाकिटं गेली असतील.