कोर्टाच्या ट्रान्स्क्रिप्टचे दर वाढवावेत का? (कॅलिफोर्निया)

रानजाई:
कॅलिफोर्नियात कोर्टात बोललेला शब्द न् शब्द स्टेनो यंत्रावर टिपायला कोर्ट रिपोर्टर असतात. कोर्टात बसण्याचा त्यांना पगार मिळतो, पण ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे त्या बोलण्याची शब्दशः टाइप केलेली प्रत, नंतर स्वतःच्या वेळात तयार करायची आणि तिचा दर कायद्याने बांधलेला. जवळजवळ 30 वर्षं तो 100 शब्दांना 85 सेंटच होता! 2021 मध्ये विधिमंडळाने तो 1.13 डॉलर केला, जादा प्रतीचा 15 वरून 20 सेंट. मला हे योग्यच वाटतं, आणि इतर राज्यांत अशी विधेयकं आली तर त्यांनाही पाठिंबा द्यावा. मिनिटाला 200 शब्दांची परीक्षा पास झालेल्या माणसाला इतकी वर्षं एकाच दरावर राबवणं अन्याय आहे.

कोकणकडा:
साफ असहमत. पानाला 250 शब्द, दिवसाची 200 पानं धरा. पूर्वी पक्षकाराला 425 डॉलर पडायचे, आता 565. पाच दिवस खटला चालला की 700 डॉलर जास्त, तेही फक्त मूळ प्रतीचे. साक्षीपुराव्यावर अपील करायचं तर ट्रान्स्क्रिप्टवाचून अडतं. मिसिसिपीत एका आईचे मुलांवरचे हक्क काढून घेतले आणि अपिलाच्या रेकॉर्डसाठी 2,352 डॉलर मागितले. ते नव्हते म्हणून अपील फेटाळलं. 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे दार उघडलं.

रानजाई:
तो भार सरकारने उचलावा. रिपोर्टरने का? कॅलिफोर्नियात दिवाणी दाव्यातल्या गरीब पक्षकारांच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी निधी आहे, आणि तो रिपोर्टरांच्याच परवाना शुल्कातून भरतो. अजून किती द्यायचं त्यांनी?

पाऊलवाट:
दोघांनीही रेकॉर्डिंगचा विषय काढला नाही. तिथल्या कायद्यानुसार कौटुंबिक दाव्यांत इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डिंग चालत नाही. रिपोर्टर मिळाला नाही, तर शब्दशः नोंदच राहत नाही. 2024 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने काही प्रकरणांत रेकॉर्डिंगला वाट काढली. दर कितीही वाढवा, माणसंच नसतील तर काय?

भीमथडी:
आपल्याकडे फौजदारी खटल्यात साक्ष सहसा कथनाच्या रूपात उतरते, न्यायाधीश सांगतात आणि स्टेनो टाइप करतो. नक्कल स्वस्त मिळते, पण उलटतपासात नेमका प्रश्न काय होता, हे कित्येकदा त्यात नसतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून ट्रान्स्क्रिप्ट करून पाहिली. तालुका कोर्टात तीनजण एकदम मराठीत बोलतात तिथे हे यंत्र टिकेल? मला शंका आहे. शब्दशः नोंद हवी तर माणूस लागेल आणि त्याला पैसे मोजावे लागतील. रानजाई, तुमच्याशी सहमत.

कोकणकडा:
माणसाला पैसे द्या, पगारातून द्या. नोंद कोर्टाची आहे. पक्षकाराला ती शब्दांवर मोजून विकणं मला कुठल्याही दरात मान्य नाही.