दरारा, धाक, वचक, जरब: मालिकेतल्या बॉसला कोणता शब्द?

विचारणा

‘व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम’ ही २०१८ ची कोरियन मालिका आमच्या मैत्रिणींच्या गटात सध्या पुन्हा पाहिली जातेय. नायक एका बड्या उद्योगसमूहाचा उपाध्यक्ष, नायिका नऊ वर्षं त्याची सेक्रेटरी. त्याच्याबद्दल जी ती लिहिते, ‘काय दरारा आहे!’ मला हा शब्द तिथे खटकतो. पण ‘धाक’ किंवा ‘वचक’ म्हटलं तर नायकाऐवजी खलनायक डोळ्यांसमोर येतो. या शब्दांत फरक काय? आणि या माणसाला कोणता लागू पडेल?

उत्तर

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. दरारा माणसाच्या गैरहजेरीत चालतो. मोगलांची घोडी पाणी पिईनात, त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका म्हणजे दरारा. तो कर्तबगारीतून तयार होतो आणि विशेषतः शत्रूला, परक्याला जाणवतो. म्हणून आपण दरारा ‘निर्माण झाला’ म्हणतो, ‘दाखवला’ म्हणत नाही.

धाक मात्र दाखवता येतो, घालता येतो, त्यात कुणाला ठेवताही येतं. त्याच्यामागे शिक्षा किंवा इजा उभी असते. ‘चाकूचा धाक दाखवून लुटले’ अशी बातमी असते, तिथे दरारा कधीच येणार नाही. वचक बसतो तो वाकडं पाऊल टाकू पाहणाऱ्यावर: भेसळ करणाऱ्यांवर, कॉपी करणाऱ्यांवर. वचक असणं बहुतेक वेळा चांगलंच मानलं जातं. जरब अरबीतून आली, तिथे तिचा अर्थ प्रहार. म्हणून ती आवाजात आणि नजरेत असते, क्षणभर लागते. रुबाब चालण्याबोलण्यात नि पोशाखात दिसतो. तो पाहून समोरच्याने घाबरायलाच हवं असं नाही.

या उपाध्यक्षाकडे पहिल्या भागापासून रुबाब भरपूर आहे, हाताखालच्यांशी बोलताना जरबही आहे. दरारा मी म्हणणार नाही. तो अध्यक्षांचा मुलगा आहे, खुर्ची घरातूनच आली आहे.

प्रतिसाद

काका, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. वारसा असला तरी तो कामात अत्यंत हुशार दाखवलाय. वारसाने मिळालेल्या गादीवर बसूनही दरारा कमावणारे आपल्या इतिहासात थोडे नाहीत. ‘दरारा’ नको याचं कारण मला वेगळं वाटतं. आपण पाहतो ते त्याच्या ऑफिसातलं वागणं, आणि रोज समोर असणाऱ्या पगारी माणसांना वाटते ती भीती नोकरीची असते. तिला धाकच म्हणायला हवं. नायक देखणा आहे एवढ्यासाठी शब्द का बदलायचा?

उत्तर

हे कारण माझ्यापेक्षा नेमकं आहे, मान्य.

प्रतिसाद

मी कोरियन शिकते, म्हणून थोडी भर. तिथे या वागण्याला ‘गापजिल’ असा रोखठोक शब्द आहे. करारातल्या वरचढ पक्षाला ‘गाप’ म्हणतात, दुय्यम पक्षाला ‘उल’. ‘जिल’ हा हिणवणारा प्रत्यय. डिसेंबर २०१४ मध्ये एका कोरियन विमान कंपनीच्या मालकाच्या मुलीने न्यूयॉर्कला विमान माघारी फिरवायला लावलं, कारण खाण्याचे दाणे बशीऐवजी पाकिटात दिले होते. तेव्हा हा शब्द घराघरात होता. जुलै २०१९ पासून तिथे कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदाही लागू झाला. मराठीत मी त्याला ‘अरेरावी’ म्हणेन. ‘मुजोरी’ नाही, कारण मुजोरी हाताखालचा माणूसही करतो.

आणि एक. त्यांच्या संवादांत तो तिच्याशी एकेरीत बोलतो, ती त्याच्याशी आदरार्थी. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे एकच ‘यू’ असल्याने अर्धी गोष्ट हरवते. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तयार आहेत. मराठी करणाऱ्याने ती संधी सोडू नये. प्रेम जमल्यावर ती ‘तुम्ही’ सोडते का, कधी सोडते, चारचौघांत काय म्हणते, याकडेच माझं लक्ष होतं.

प्रतिसाद

यावरून आठवलं, आमच्या गावाकडच्या जुन्या बायका नवऱ्याला ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’ म्हणत. तिन्ही शब्द मुळात हुद्द्याचे किंवा हक्काचे. म्हणजे साहेबाचा नवरा होणं आपल्या कानाला परकं नाही. माझी नात ‘मालक’ हा शब्द ऐकून चिडते आणि तीच ही मालिका आवडीने पाहते. मला यात विसंगती वाटत नाही. पडद्यावर ती पाहते तो माणूस हळूहळू मालकपण सोडतोय, आणि तिला तेच पाहायचं आहे.

विचारणा करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता गटात मी त्याच्यासाठी ‘रुबाब’ लिहीन, आणि तो कर्मचाऱ्यांना फैलावर घेतो तिथे ‘धाक’. ‘वचक’ मात्र मी सेक्रेटरी किमसाठी राखून ठेवते. तिने राजीनाम्याचं नुसतं सांगितलं आणि तो कसा गडबडला! त्याचा टाय तीच बांधते, तिच्यावाचून त्याचं पान हलत नाही. त्याच्या वाकड्या पावलाला आवर घालते ती तीच, तेही आवाज न चढवता. तिच्यासाठी हा शब्द चुकीचा वाटत असेल तर जरूर सांगा.