पॉइंट 22 रायफल: राउंड फुटला नाही तर काय करायचं, कोचकडून नक्की काय शिकून घ्यावं?

नवी_प्रोन:
10 मीटर एअर रायफलवरून आता 50 मीटर स्मॉलबोअरकडे (पॉइंट 22 रायफलकडे) आले आहे. क्लबची रायफल बोल्ट ॲक्शन आहे, एकेक राउंड (काडतूस) हाताने भरायचा. 50 च्या डब्यात एखादा राउंड नुसता 'टक' करतो, बार होत नाही. शेजारच्या लेनवरचे म्हणतात, लगेच बोल्ट ओढ आणि पुढचा टाक. कोच म्हणतात, थांब. किती आणि का? पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) अडकली किंवा आवाज वेगळा आला तर काय? कोच यासाठी वेगळं सत्र घेणार आहेत, त्यात काय काय करून घेऊ?

बोल्ट_उघडा:
कोचचंच बरोबर आहे. कधी कधी दारू उशिरा पेट घेते, याला हँगफायर म्हणतात. 22 च्या पुंगळीचं पितळ पातळ असतं. चेंबरच्या (राउंड बसतो त्या जागेच्या) भिंतींचा आधार असतो तोवर ते दाब सहन करतं. बोल्ट मागे ओढल्यावर तो आधार जातो, आणि त्याच क्षणी राउंड फुटला तर पितळाचे तुकडे डोळ्याच्या दिशेने येतात. म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा आणि किमान 30 सेकंद मोजा. काही रेंजवर 1 मिनिटाचा नियम आहे, तिथे तोच पाळा. मग चेहरा बाजूला घेऊन बोल्ट सावकाश उघडा. सेफ्टी चष्मा हवाच. निघालेला राउंड खिशात किंवा कचऱ्यात टाकायचा नाही, रेंज ऑफिसरच्या हाती द्यायचा. त्याचा हिशेब लागतो.

नवी_प्रोन:
तोच राउंड पुन्हा भरून मारला तर फुटतो, असंही ऐकलं. करू का?

पितळी_रॉड:
आधी पुंगळीच्या कडेवरचा पिनचा (राउंडला ठोका देणाऱ्या सुईचा) ठसा पाहा, बरंचसं उत्तर तिथेच मिळतं. 22 रिमफायरमध्ये पेटणारा मसाला कडेच्या आत गोल फिरवून बसवलेला असतो. एखाद्या जागी तो कमी पडला आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर राउंड फुटत नाही. ठसा खोल असेल तर संशय राउंडवर. उथळ असेल तर रायफलवर: बोल्टमध्ये घट्ट झालेलं तेल, थकलेली स्प्रिंग, पूर्ण खाली न आलेलं हँडल.

तिसरं कारण फार जणांच्या लक्षात येत नाही. चेंबरच्या पुढच्या टोकाशी मेण, शिसं आणि काजळीचं कडं जमलं की राउंड तळापर्यंत बसत नाही. पिनचा पहिला ठोका त्याला पुढे ढकलण्यातच खर्च होतो, आणि दुसऱ्या ठोक्याला तोच राउंड फुटतो. असं वारंवार होत असेल तर नवा डबा विकत घेण्याआधी चेंबर साफ करा. पुन्हा मारायचं की नाही हे कोच समोर असतानाच ठरवा. राउंड अर्धा फेरा फिरवून भरला की पिन वेगळ्या जागी बसते. दुसऱ्यांदाही नाही फुटला तर विषय संपला.

बोल्ट_उघडा:
यापेक्षा धोकादायक म्हणजे 'फुस्स' आवाज. धक्का जाणवला नाही, टार्गेटवर छिद्र नाही, तर गोळी नळीतच अडकली असं धरून चाला. पुढचा राउंड भरायचाच नाही. मागून दुसरी गोळी आली तर नळी फुगते किंवा फाटते. हात वर करा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. चेंबर रिकामं केल्यावर बोल्ट बाहेर काढून नळीतून उजेड दिसतो का ते तपासतात. अडकलेली गोळी पितळी रॉडने काढणं हे आर्मररचं (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचं) काम. स्टीलचा रॉड किंवा दुसरा राउंड मारून 'साफ' करणं हे कुणीही सुचवलं तरी नको.

मॅच चेंबरमध्ये (स्पर्धेच्या रायफलच्या घट्ट चेंबरमध्ये) आणखी एक गोष्ट होऊ शकते. 'स्टॉप'ची आज्ञा आली म्हणून न मारलेला राउंड बाहेर ओढला, की गोळी रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत) रुतून राहते आणि पुंगळी तेवढी निघते. दारूचे कण ॲक्शनमध्ये सांडतात, ट्रिगरपर्यंत जातात. रायफल तशीच टार्गेटकडे धरून रेंज ऑफिसरला सांगा. त्यानंतर काही हलवायचंही नाही, मारायचंही नाही.

पितळी_रॉड:
पुंगळी निघत नसेल तर बोल्टवर हिसके देऊ नका. बहुतेक वेळा एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखांखाली काजळी असते, ती जुन्या टूथब्रशने निघते. एअर रायफलवरून आलेल्यांना एक खास सूचना: रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर (राउंड न भरता ट्रिगर ओढणं) नको. 22 ची पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते, तिथे ओरखडा उठतो आणि मग पुंगळ्या अडकू लागतात. ड्राय फायरची सोय आहे का ते त्या रायफलच्या मॅन्युअलमध्ये पाहा.

सत्रासाठी: कोचना स्वतः राउंड भरायला सांगा, तुम्हाला न दाखवता. मध्येच एखादा डमी (न फुटणारा नकली राउंड). 'टक' झाल्यावर नळीचं टोक खाली झुकलं तर तुम्ही आवाजाची वाट पाहत ट्रिगर ओढताय, हे कोचना लगेच दिसेल. थांबण्याची, हात वर करण्याची, बोल्ट उघडण्याची सवयही त्यातच लागते. 'फुस्स'चा सराव मात्र नुसत्या तोंडी सूचनेवर: कोच अचानक 'छिद्र नाही' म्हणतील, तुम्ही भरायला उचललेला राउंड परत ठेवायचा. शेवटी बोल्ट काढणं, नळीतून पाहणं आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) लावणं तुमच्याच हातून करून घ्या. 3 पोझिशनला (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून नेम धरायच्या स्पर्धेला) घड्याळ चालू असताना हेच शांतपणे करावं लागतं.