एक मंडळी, दोन भाषा : एकोपा आणि काम दोन्ही कसे टिकवावे?

प्रश्न : पूर्व भागातील एक सभासद, सोलापूर

सर्व बंधू-भगिनींना सप्रेम सलाम.

आमची बॅप्टिस्ट मंडळी (चर्च) सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मंडळीत तेलुगू आणि मराठी बोलणारी कुटुंबे जवळजवळ सारखीच आहेत. कित्येक घरांत दोन्ही भाषा चालतात, काही घरांत कानडीही. रविवारची उपासना आजवर एकत्रच होत आली आहे. एक गीत तेलुगू, एक मराठी, आणि पाळकसाहेब ज्या भाषेत उपदेश करतील त्याचे दुसऱ्या भाषेत भाषांतर, अशी पद्धत आहे. अलीकडे काही सभासदांनी दोन भाषांच्या दोन स्वतंत्र उपासना, दोन वेगळ्या वेळी घ्याव्यात, अशी मागणी केली आहे. भाषांतरामुळे उपासना लांबते आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली तेवढा वेळ बसणे वृद्धांना झेपत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. उलट, आज वेळ वेगळी झाली तर उद्या दानपेटी वेगळी होईल आणि परवा मंडळीच दुभंगेल, अशी भीती इतरांना वाटते. या विषयावरून आता उपासनेनंतर लोक दोन घोळक्यांत उभे राहू लागले आहेत, आणि ते पाहून मन अस्वस्थ होते.

दुसरी अडचण अशी की, रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, प्रभुभोजनाची (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीची) तयारी, हिशेब, नाताळाचा कार्यक्रम, हे सारे ठरावीक मूठभर लोकच वर्षानुवर्षे करत आहेत. तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्याला गेली आहे. बाकीचे सभासद श्रद्धेने येतात, दान देतात आणि घरी जातात. सभासद सभा वर्षातून एकदा होते. हिशेब वाचला जातो, हात वर होतात आणि सभा संपते.

मंडळी एकत्रही राहावी आणि प्रत्येक सभासदाच्या हाताला कामही मिळावे, यासाठी इतर मंडळ्यांनी काय केले आहे, हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : एक निवृत्त डीकन, सोलापूर

आपण दोन अडचणी मांडल्या आहेत, परंतु माझ्या मते त्यांचे मूळ एकच असून ते आपण जाता जाता सांगून टाकले आहे : सभासद सभा वर्षातून एकदा होते.

बॅप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो आणि तिच्या वतीने निर्णय घेणारी वरची सभाही नसते. पाळकाला बोलावणे, डीकन (मंडळीची व्यवस्था पाहणारे सेवक) निवडणे, नव्या सभासदाला स्वीकारणे, शिस्तीचा प्रश्न हाताळणे, पैसा कोठे खर्च करावा हे ठरवणे, ही सारी जबाबदारी बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांच्या सभेची असते. १६०९ मध्ये अॅमस्टरडॅम येथे जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस यांच्याभोवती जमलेल्या इंग्रज निर्वासितांनी पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी केली, ती विश्वास ठेवून स्वतः बाप्तिस्मा मागणाऱ्यांचीच मंडळी असते, या श्रद्धेवर. ज्या माणसाला बाप्तिस्म्याच्या वेळी आपण सर्वांसमोर स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला लावतो, त्यालाच पुढे वर्षानुवर्षे मंडळीच्या एकाही निर्णयात बोलू दिले नाही, तर तो येऊन बाकावर बसेल आणि उठून जाईल. त्यात त्याच्या श्रद्धेचा दोष नाही.

याबाबत बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरचे (बंगालमधील, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे) उदाहरण मला नेहमी महत्त्वाचे वाटते. मराठी वाचकांना कॅरी ठाऊक असतात ते त्यांच्या १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० च्या कोशामुळे. परंतु जानेवारी १८०० मध्ये त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कुटुंबे एकत्र राहू लागली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर एकत्र राहण्याचे नियम ठरवले. उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीने करायची. घराचा कारभार दर महिन्याला एकेकाने पाहायचा. खजिना आणि औषधांची पेटी कॅरी यांच्याकडे, तर ग्रंथालय सहकारी फाउंटन यांच्याकडे. आणि शनिवारची संध्याकाळ आपसांतले मतभेद मिटवण्यासाठी राखून ठेवायची. मतभेद होणारच, हे त्यांनी गृहीत धरले होते आणि त्यासाठी आठवड्यातली वेळ नेमली होती. आपल्याकडे अशी वेळ नसते, म्हणून मतभेद उपासनेनंतर फाटकापाशी उभे राहतात.

त्याच श्रीरामपूरच्या इतिहासातली दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. १८२७ मध्ये श्रीरामपूरचे मिशनरी आणि त्यांना पाठवणारी इंग्लंडमधील मिशन सोसायटी वेगळे झाले, आणि मालमत्तेवर ताबा कोणाचा असावा हा त्या वादाचा गाभा होता. एवढ्या निष्ठावंत माणसांनाही जो प्रश्न सुटला नाही, तो आपण गुळमुळीत ठेवू नये. मंडळीची जागा नोंदणीकृत ट्रस्टच्या नावावर असेल, तर विश्वस्त बदलल्यानंतर ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करणारा अर्ज) दाखल करावा लागतो. कित्येक ठिकाणी हे काम राहून जाते, दिवंगत विश्वस्तांची नावे कागदावर तशीच राहतात आणि वाद पेटला की दोन्ही बाजू जुनी कागदपत्रे घेऊन उभ्या राहतात. भाषेच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी विश्वस्तांची यादी, सभासदांची यादी आणि लेखापरीक्षण केलेले हिशेब सर्वांसमोर ठेवावेत. सभासद सभा किमान दर तीन महिन्यांनी घ्यावी, आणि तीत हिशेबाइतकाच वेळ "कोणते काम कोण करील" या विषयाला द्यावा.

उत्तर : महिला संघातील एक भगिनी, कुंभारी

डीकन बंधूंनी सभेविषयी लिहिले ते मला मान्य आहे, परंतु सभेत कोण बोलते, हेही पाहिले पाहिजे. आमच्याकडे सभा म्हटली की पुढच्या चार बाकांवरचे पुरुष बोलतात आणि मागे बसलेल्या भगिनी ऐकतात. त्यांतल्या अनेक जणी विडी वळून घर चालवतात. कारखान्यात विड्या देऊन, पाने आणि तंबाखू घेऊन परत येईपर्यंत त्यांचा अर्धा दिवस जातो. संध्याकाळच्या सभेला त्या येऊ शकत नाहीत, आणि आल्या तरी बोलण्याची सवय नसते.

म्हणून आम्ही घरोघरच्या प्रार्थनासभा दुपारी ठेवल्या. घरकुलाच्या एका खोलीत दहा-बारा जणी बसतात, प्रत्येकीच्या मांडीवर सूप असते, आणि वचन वाचले जात असताना हात पान कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत राहतात. प्रार्थनेपुरते सूप बाजूला ठेवले जाते. एक जण तेलुगूत वाचते, दुसरी तेच मराठीत सांगते, आणि तिचे चुकले तर तिसरी दुरुस्त करते. तिथे भाषांतराने वेळ लांबतो, अशी तक्रार मी आजवर ऐकलेली नाही, कारण सांगणारी आणि ऐकणारी दोघीही शेजारीच असतात. अमक्या घरात औषधाला पैसे नाहीत, तमक्या मुलीची शाळा सुटली आहे, या गोष्टी मंडळीला कळतात त्या याच खोल्यांतून. त्या रविवारच्या उपासनेत कधीच कळत नाहीत.

भाषेच्या मागणीविषयी मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते की, ती फुटीरपणाची मागणी समजू नये. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा वाचावा. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. "आपण सर्व एकच आहोत, गप्प राहा," असे प्रेषितांनी त्यांना सांगितले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती, त्याच बाजूच्या माणसांच्या हाती सर्वांचे वाटप सोपवले गेले. आपल्या मंडळीतल्या ज्या वृद्ध तेलुगू भगिनींना मराठी उपदेश कळत नाही, त्यांचे दुःख खरे आहे. आधी ते ऐकून घ्यावे आणि उपाय शोधण्याचे काम त्यांच्याच घरातल्या कोणाकडे तरी द्यावे.

कामाविषयी एक अनुभव सांगते. "कोणी मदत कराल का?" असे व्यासपीठावरून विचारले की, नेहमीचेच हात वर होतात. त्याऐवजी घरी जाऊन एका माणसाला एकच ठरावीक काम सांगावे. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे बाप्तिस्म्याचा हौद भरणे हेही मोठेच काम असते. पाणी कोणत्या दिवशी येईल हे पाहायचे, हौद घासायचा, कमी पडले तर टँकर सांगायचा, नंतर ते पाणी वाया न घालवता झाडांना आणि धुण्याला वाटायचे. आमच्याकडे हे काम कधीही पुढे न येणाऱ्या एका यंत्रमाग कामगार बंधूकडे दिले. आता बाप्तिस्मा घेणाऱ्यांची नावे तो पाळकसाहेबांकडून आधीच मागून घेतो आणि त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

उत्तर : पुण्यात नोकरी करणारा एक सभासद

मी शनिवारी रात्री सोलापूरला येतो आणि रविवारी संध्याकाळी परततो, तेही प्रत्येक आठवड्याला शक्य होत नाही. आमच्यासारख्यांकडून मंडळीची अपेक्षा बहुधा दोनच गोष्टींची असते : नाताळाची वर्गणी आणि कॅरोलच्या रात्री गिटार. याहून अधिक करण्याची आमची तयारी आहे, हे मनापासून सांगतो. सभासदांची यादी संगणकावर नीट लावणे, हिशेब दरमहा तपासणे, दहावी-बारावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर गणित शिकवणे, ही कामे पुण्यात बसून होऊ शकतात. परंतु सभासद सभेची सूचना रविवारी फलकावर लागते आणि सभा पुढच्याच आठवड्यात असते, तेव्हा आम्हाला रजा मिळत नाही. तारीख दोन महिने आधी कळवली, तर मी आणि माझ्यासारखे इतर नक्की येऊ.

उत्तर : एक पाळक

दोन उपासना घ्याव्यात की एक, याचे उत्तर कोणत्याही बाहेरच्या माणसाने देऊ नये. ते आपल्या सभासदांनीच प्रार्थनेने ठरवायचे आहे. तथापि कोणत्या गोष्टी एकच राहायला हव्यात, हे आधी ठरले, तर वेगळ्या वेळेची भीती पुष्कळ कमी होते. प्रभुभोजन एकत्र घ्यावे, कारण एका भाकरीत सहभागी होणारे आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे. सभासद सभा, दान आणि हिशेब एकच असावेत. रविवारची शाळाही एकच असावी, कारण मुलांना दोन्ही भाषा येतात आणि पुढची मंडळी तीच आहेत. एवढे ठाम ठेवून महिन्यातील एखाद्या रविवारी सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, तेलुगू उपासना घेतली, तर त्यातून फूट पडेल असे मला वाटत नाही.

आपल्यातील तेलुगू कुटुंबांना आंध्रातील ओंगोलची हकिकत वडीलधाऱ्यांकडून ठाऊक असेल. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तेथील बॅप्टिस्ट मिशनरी जॉन क्लफ यांनी कालव्याच्या खोदाईचे काम घेऊन हजारो लोकांना मजुरी मिळवून दिली, आणि त्या काळात बाप्तिस्मे थांबवले, जेणेकरून कोणी अन्नासाठी मंडळीत येऊ नये. पुढे ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी क्लफ स्वतः पाण्यात उतरले नव्हते. सहा भारतीय सेवकांनी, एका वेळी दोघे अशा पाळीने, ते काम पार पाडले. या घटनेची आठवण काढताना आपण संख्या सांगतो. मला त्या सहा जणांची पाळी अधिक महत्त्वाची वाटते. पाळकाने सारे स्वतःच करायचे ठरवले, तर कोणत्याही मंडळीत सभासद पाहुणेच राहतात. हे मी पाळक म्हणून लिहीत आहे.

आणखी एक. जे दोन घोळके आपण पाहता, त्यांतील दोघा-तिघांमध्ये व्यक्तिगत दुखावणे असण्याची शक्यता फार आहे. त्यासाठी मत्तय अठराव्या अध्यायातील क्रम सोडू नये : प्रथम दोघांनी एकांतात बोलावे, मग एक-दोघांना सोबत न्यावे, आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे. पहिल्या दोन पायऱ्या गाळून प्रकरण थेट सभेत आले, तर सभा त्या भांडणाच्या ओझ्याखाली मोडते आणि मूळ विषय बाजूला राहतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे पाळकसाहेबांना आणि डीकनांना वाचून दाखवली. पुढील सभासद सभेची तारीख दोन महिने आधी जाहीर करायची आणि सभा रविवारी दुपारी, उपासनेनंतरच्या जेवणाला जोडून घ्यायची, असे ठरले आहे, म्हणजे भगिनींनाही थांबता येईल. भाषेचा विषय त्या सभेत मतदानाला न टाकता त्यासाठी एक लहान समिती नेमावी आणि तीत तेलुगू उपासनेची मागणी करणारेच बहुसंख्येने असावेत, असा प्रस्ताव मी स्वतः मांडणार आहे. यावर काही बंधूंचा आक्षेप येईल, हे मला दिसते आहे. सभेची सूचना कशी काढावी, याविषयी डीकन बंधूंनी कृपया थोडे मार्गदर्शन करावे.

निवृत्त डीकन

सूचना दोन्ही भाषांत, एकाच कागदावर काढावी आणि तिच्यात विषयपत्रिका पूर्ण द्यावी. "ऐनवेळी येणारे विषय" या सदराखाली भाषेचा प्रश्न मुळीच आणू नये. आपल्या मंडळीच्या घटनेत (नियमावलीत) गणसंख्या आणि सूचनेची मुदत काय दिली आहे, ते आधी पाहून घ्यावे. फलकावर लावण्याबरोबरच सूचना प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावी, आणि हे काम एकट्या सचिवावर न टाकता तेलुगू घरी मराठी सभासदाने व मराठी घरी तेलुगू सभासदाने न्यावी, म्हणजे निदान तेवढ्यापुरते तरी लोक एकमेकांच्या घरी बसून बोलतील. इतिवृत्त लिहायला दोघे नेमावेत आणि सभा उठण्यापूर्वी ते दोन्ही भाषांत वाचून घ्यावे.