नेल सेट म्हणजे ‘खिळ्यांचा संच’ नव्हे

प्रश्न

लाकडी फळ्यांची जमीन कशी घालावी यावरचं एक हस्तपुस्तक मराठीत आणतो आहे. त्याच विषयाच्या एका छापील भाषांतरात ‘नेल सेट’ला ‘खिळ्यांचा संच’ केलेलं पाहिलं. पुढचं वाक्य असं होतं: ‘संचाचं टोक खिळ्यावर ठेवून हातोडीने मारा.’ वाचणाऱ्याने करायचं काय? अवजार मला माहीत आहे. खिळ्याचं डोकं लाकडात बसवायची चारेक इंचांची पोलादी कांडी, एका बाजूला निमुळती होत गेलेली, मधे बोटं घसरू नयेत म्हणून खरबरीत. हिला मराठीत काय म्हणावं? आणि ‘हार्डवुड’ला ‘कठीण लाकूड’ चालेल का?

प्रतिसाद

आधी क्रियापद ठरवा, नाव मागून येईल. इंग्रजीत ‘सेट’ हा एकच शब्द आहे, आणि इथे तो ‘संच’ नव्हे, ‘बसवणे’ या अर्थाने आला आहे. मराठीत इथे तीन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या तरच काम नीट समजतं.

‘ठोकणे’ हे हातोडीचं काम. खिळ्याचं डोकं लाकडाच्या वर दोनतीन मिलिमीटर असतानाच ते थांबवायचं. तिथून पुढे हातोडी चालवली की तिच्या तोंडाचा ठसा फळीवर उमटतो. ओकच्या घासून तयार केलेल्या फळीवर पडलेली ती अर्धचंद्राकृती खूण पुन्हा घासल्याशिवाय जात नाही.

‘बसवणे’ म्हणजे डोकं लाकडाच्या पातळीला आणणं. त्याच्याही खाली, दीड ते तीन मिलिमीटर आत नेऊन वर पुट्टी भरायची असेल तर त्याला मी ‘दाबून बसवणे’ म्हणेन. ‘रुतवणे’ जवळचं वाटतं, पण काटा पायात रुततो, चाक चिखलात रुततं. त्यात नको असताना अडकल्याची छटा आहे, आणि इथे तर सगळं मोजूनमापून चाललंय.

प्रश्नकर्ता

गाळणी, किसणी, चाळणी यांच्या चालीवर ‘बसवणी’ कसं वाटतं? ‘खिळेबुडव्या’ही सुचला होता.

प्रतिसाद

‘बुडव्या’ नको. तो शब्द कर्ज बुडवणाऱ्याला चिकटलाय, तिथून सुटायचा नाही. ‘बसवणी’ घडण म्हणून उत्तम, पण दुकानात मागितली तर कोणी हातात देणार नाही. लोक ‘नेल पंच’ म्हणतात. लेखनात ‘खिळापंच’ करा. नुसतं ‘पंच’ मात्र लिहू नका, कारण कामाची खरी गफलत तिथेच होते. सेंटर पंचाचं टोक अणकुचीदार असतं. ते धातूवर ड्रिलसाठी खूण करायला असतं आणि खिळ्याच्या गुळगुळीत डोक्यावरून निसटतं. पिन पंच सरळ दांडीचा, सपाट टोकाचा. तो अडकलेली पिन बाहेर काढायला वापरतात. खिळापंचाच्या टोकाला बारीक वाटीसारखा खळगा असतो, त्यात खिळ्याचं डोकं धरून राहतं.

हा खळगा सांगताना ‘पोकळ टोक’ लिहू नका. पोकळ म्हणजे बांबूसारखं, आतून रिकामं. इथे ‘खोलगट टोक’ हवं.

दुसरा प्रतिसाद

सुतारकाम करतो म्हणून निवडीचं सांगतो. मापं बत्तिसांशात येतात: १/३२, २/३२, ३/३२ इंच, म्हणजे साधारण ०.८, १.६ आणि २.४ मिमी. टोक खिळ्याच्या डोक्यापेक्षा किंचित लहान हवं. मोठं घेतलंत तर ते लाकडाचं भोक रुंद करतं आणि पुट्टीचा ठिपका डोळ्यात भरतो. फारच लहान घेतलंत तर ते डोक्यावरून सरकून फळीत घुसतं. बारीक डोक्याच्या खिळ्याला ‘चूक’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच, अनेकवचन ‘चुका’. फक्त पुस्तकात पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या, नाहीतर ‘चुका ठोका’ वाचून माणूस थबकेल.

आणि एक जागा पुस्तकात नक्की हवी. या फळ्यांना एका कडेला पुढे आलेली जीभ आणि दुसऱ्या कडेला ती बसेल अशी खाच असते. खिळा जिभेच्या कोपऱ्यात, ४५ अंशांच्या आसपास तिरका मारतात, म्हणजे पुढच्या फळीची खाच त्यावर येऊन तो झाकला जातो. इथे डोकं केसभर जरी वर राहिलं तरी पुढची फळी मिटत नाही, फट राहते. पण हातोडी तिथवर नेली तर फळीची वरची धार चेपते. म्हणून शेवटचे घाव खिळापंचाला. जागा अडचणीची असेल तर पंच जिभेच्या कडेने डोक्यावर आडवा ठेवून त्याच्या अंगावर हातोडी मारायची, मग टोकाने पुरं बसवायचं. भिंतीलगतच्या शेवटच्या ओळींत खिळे मारायचं यंत्र मावत नाही, तिथे हेच अवजार हाताशी असावं लागतं. टणक फळीला आधी खिळ्याच्या जाडीपेक्षा थोडं बारीक भोक पाडा, म्हणजे ती चिरत नाही आणि खिळा वाकत नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच.

प्रतिसाद

हार्डवुडचं राहिलं. वनस्पतिशास्त्रात ते रुंद पानांच्या झाडांचं लाकूड. त्या हिशेबाने नखाने दबणारा बाल्सासुद्धा हार्डवुड ठरतो, म्हणून शास्त्राच्या पुस्तकात ‘कठीण लाकूड’ फसवं आहे. तुमच्या पुस्तकात प्रश्न प्रत्यक्ष टणकपणाचा आहे, तेव्हा ‘टणक लाकूड’ लिहा. ‘कठीण’ला अवघडचीही छटा आहे, ‘टणक’ला नाही. तो टणकपणा जांका चाचणीत मोजतात: ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी अर्धी आत जायला किती जोर लागतो ते पाहतात. रेड ओकला सुमारे १२९० पौंड, हिकरीला १८२०.

प्रश्नकर्ता

मग ते वाक्य असं करतो: ‘डोकं थोडं वर असतानाच हातोडी थांबवा. खिळापंचाचं खोलगट टोक डोक्यावर ठेवा आणि खिळा दाबून बसवा.’

दुसरा प्रतिसाद

‘टोक ठेवा’च्या आधी ‘डोक्यापेक्षा किंचित लहान’ घाला. आणि जिभेतल्या खिळ्यासाठी ‘दाबून’ काढा, तिथे नुसतं ‘बसवा’ पुरे. फार आत गेला तर जीभच फाटते.